गाडी ऑइल खाते तेव्हा : 'नॉर्मल' हे कोण ठरवतं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये काय काम?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मी या विषयाकडे गॅरेजच्या दारातून आलोच नाही, रोनाल्ड ड्वॉर्किनच्या दारातून आलो. ड्वॉर्किनचा १९६७ चा एक प्रसिद्ध निबंध आहे, कायदा म्हणजे केवळ नियमांची यादी नव्हे, असं सांगणारा. तो मी वर्षानुवर्षं एम.ए.च्या वर्गाला शिकवला. त्यात त्याने दोन खटल्यांचा आधार घेतलाय आणि त्यातला एक चक्क मोटारीच्या वॉरंटीचा आहे. त्या खटल्याकडे आपण येऊच. आधी ऑइलकडे.

आपल्याकडे म्हणतात, गाडी ऑइल 'खाते'. कुणी म्हणतं 'पिते'. शब्द चपखल आहे, कारण ऑइल गळत नाही, जमिनीवर डाग पडत नाही, तरी कमी होतं. कुठे जातं? जळतं. सिलिंडरच्या आत पिस्टन वरखाली होतो, त्याच्या भोवती खाचेत रिंगा बसवलेल्या असतात. वरच्या रिंगा वायूचा दाब धरून ठेवतात, खालची रिंग भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून पुन्हा तळाच्या टाकीत पाठवते. भिंतीवर ऑइलचा पातळसा थर राहायलाच हवा, नाहीतर धातूवर धातू घासेल. तो थर थोडा थोडा जळणार, हे ओघानंच आलं. म्हणजे शून्य ऑइल खाणारं इंजिन नसतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं भांडण या कबुलीतून निघतं.

ही धातूची रिंग इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमची. १८५० च्या दशकात त्याने रेल्वेच्या वाफेच्या इंजिनासाठी ती बनवली. त्याआधी पिस्टनभोवती ताग, कापूस असलं काहीतरी ठासून भरत. पुढे पेट्रोलची इंजिनं आली तेव्हा सुरुवातीच्या कित्येक इंजिनांत ऑइल परत गोळा करायची सोयच नव्हती. वरून थेंब थेंब सोडायचं, काम झालं की ते जळून किंवा सांडून जायचं. त्या काळात 'माझी गाडी ऑइल खाते' ही तक्रारच होऊ शकत नव्हती. जेवण करणाऱ्या माणसाबद्दल 'हा अन्न खातो' अशी तक्रार कुणी करतं का?

म्हणजे तक्रार निर्माण व्हायला आधी अपेक्षा निर्माण व्हावी लागते, आणि अपेक्षेला आकडा लागतो. इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मिलेटस गावचा युबुलिडीस नावाचा एक ग्रीक होऊन गेला. त्याचं कोडं असं : वाळूचा ढीग आहे, एक कण काढला. ढीग राहिला ना? राहिला. आणखी एक काढला. मग ढीग नेमका कितव्या कणाला संपतो? 'जास्त' हा शब्द तसाच आहे. हजार किलोमीटरला शंभर मिलिलिटर ऑइल जास्त का? नाही. एकशे एक? नाही. मग कुठे? निसर्गात ती रेघ आखलेली नाही. ती कुणीतरी आखतं. आणि जो आखतो, त्याचा बहुधा तिच्यात स्वार्थ असतो.

रेघ कुठे आखली गेली ते बघा. अमेरिकेत टोयोटा आणि सुबारू यांच्या गाड्यांचे जे वाद झाले त्यांत १,२०० मैलांची चाचणी हे माप वारंवार येतं. टोयोटाच्या चाचणीत १,२०० मैलांना एक क्वार्ट, ही मर्यादा होती. जर्मनीच्या फोक्सवॅगनच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत, असं लिहिलेलं असतं. मी कागदावर हिशोब केला. एक क्वार्ट म्हणजे सुमारे ९४६ मिलिलिटर, १,२०० मैल म्हणजे १,९३१ किलोमीटर. भागाकार केला तर हजार किलोमीटरला ४९० मिलिलिटर! म्हणजे तीन खंडांतल्या लोकांनी वेगवेगळ्या मापात लिहिलेला आकडा जवळजवळ एकच आहे.

आता हा अर्धा लिटर तुमच्या गाडीला लावून बघा. मध्यम आकाराच्या पेट्रोल गाडीत चार लिटरच्या आसपास ऑइल मावतं. सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला. दर हजाराला अर्धा लिटर, म्हणजे दहा हजाराला पाच लिटर. सर्व्हिसची तारीख येण्याआधी सगळं ऑइल संपलेलं असेल, आणि तरीही कंपनीच्या व्याख्येप्रमाणे तुमची गाडी 'नॉर्मल' असेल. (हशा) हसण्यासारखं आहे खरं, पण ज्याचं इंजिन जातं त्याला हसू येत नाही. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. म्हणजे या मर्यादेपाशी चालणारी गाडी दोन हजार किलोमीटरमध्ये वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते. पुण्याहून नागपूरला जाऊन परत या, थोडं गावात फिरा, झालं. आणि डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा, किटलीच्या चित्राचा, तो ऑइलची पातळी नव्हे, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आता तो खटला. १९५५ चा मे महिना, अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य. क्लॉस हेनिंगसेन या गृहस्थांनी बायकोला भेट म्हणून नवी प्लिमथ गाडी घेतली. दहा-बारा दिवसांत, गाडी ४६८ मैल चाललेली असताना, बाई गाडी चालवत होत्या आणि स्टिअरिंग अचानक फिरलं, गाडी भिंतीवर गेली. विक्रेता म्हणाला, वॉरंटी वाचा. वॉरंटी काय होती? ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी होईल ते. त्यातही फक्त सदोष भाग बदलून देणार, तोही तुम्ही स्वखर्चाने कारखान्यात पाठवायचा. याखेरीज दुसरी कोणतीही हमी आम्ही मानत नाही. हे सगळं करारपत्राच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायची. गंमत पुढेच आहे. ही वॉरंटी एका कंपनीची नव्हती. अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने तो एकच मसुदा सगळ्यांसाठी केला होता, आणि १९५८ साली देशातल्या ९३.५ टक्के मोटारी त्या संघटनेतल्या तीन बड्या कंपन्याच बनवत होत्या. घ्या नाहीतर सोडा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मे १९६० ला निकाल दिला, हेनिंगसेन यांच्या बाजूने. मोटार ही गरजेची वस्तू झालीय, ग्राहकाला घासाघीस करायची ताकदच नाही, अशा वेळी कागदावर सही आहे एवढ्यावरून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. ड्वॉर्किनला यात रस होता तो असा, की लिखित नियम कंपनीच्या बाजूने होता आणि न्यायालय तत्त्वावर उभं राहिलं. मला त्यातली आणखी एक गोष्ट आवडते. गाडीचा पुढचा भाग इतका चेपला होता की स्टिअरिंगमध्ये नेमकं काय तुटलं हे कुणालाच दाखवता आलं नाही. तरी परिस्थितीवरून दोष मानला गेला. नैयायिकांच्या भाषेत, प्रत्यक्ष नव्हतं, अनुमान होतं, आणि ते पुरलं.

निकालानंतरच्या दशकात वॉरंटी हे जाहिरातीचं हत्यार झालं. फोर्डने १२ महिने किंवा १२,००० मैल दिले, क्रायस्लरने १९६३ च्या गाड्यांना इंजिन-गिअरबॉक्ससाठी ५ वर्षं किंवा ५०,००० मैल. मुदत वाढली तसे दावे वाढले, दावे वाढले तसे नकार वाढले, आणि दशक संपता संपता मुदती पुन्हा आखडल्या. हा भाग मी फार ताणत नाही.

१९७५ कडे मात्र नीट बघा. एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या आणि तिघींचा आपल्या ऑइलशी संबंध आहे. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी (आडनाव योगायोगाचं) मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यावर सही केली. लेखी वॉरंटी देणाऱ्याला आता कायद्याने गृहीत धरलेली हमी पूर्णपणे नाकारता येईना. आमच्याच ब्रँडचं ऑइल वापरलं नाही म्हणून वॉरंटी रद्द, असंही म्हणता येईना. तसं हवं असेल तर ते ऑइल फुकट द्या. दुसरी गोष्ट, त्या मॉडेल-वर्षापासून तिथल्या बहुतेक गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. तिसरी, डिसेंबरात ऊर्जाबचतीचा कायदा झाला आणि कंपन्यांना मायलेजचं सरासरी लक्ष्य आलं.

पहिल्या कायद्याने ग्राहकाच्या हातात काठी दिली, हे खरं. पण उरलेल्या दोहोंनी काय केलं? मायलेज वाढवायचं तर इंजिनातलं घर्षण कमी करायला हवं, आणि घर्षणाचा मोठा वाटा पिस्टनच्या रिंगांचा. म्हणून पुढच्या दशकांत रिंगांचा ताण कमी होत गेला, ऑइल पातळ होत गेलं. ताण कमी म्हणजे खरवडणं जरा सैल. सगळं जुळून आलं तर काही बिघडत नाही. पण रिंगेच्या खाचेत थोडा कार्बन साचला, ऑइल परत जायची भोकं बुजली, की गाडी खायला लागते. आधी चुकीला जेवढी जागा होती तेवढी राहिली नाही. आणि हे वाचवलेलं पेट्रोल सरकारच्या आकड्यात दिसतं, कंपनीच्या जाहिरातीत दिसतं. जळालेलं ऑइल मालकाच्या खिशातून जातं, ते कुठल्याच आकड्यात नाही.

कन्व्हर्टरने तर पुरावाच लपवला. न्यायशास्त्राचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे : पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. जुन्या मेकॅनिकचं अनुमान असंच होतं. निळा धूर दिसतोय ना, मग रिंगा गेल्या. पण नैयायिकांनी एक सावधगिरीही सांगून ठेवलीय : तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अयोगोलक म्हणतात त्याला. तिथे अग्नी आहे आणि धूर नाही. धुरावरून अग्नी सांगता येतो, धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. आजची गाडी म्हणजे अयोगोलक आहे. ऑइल बेतानं जळत असेल तर कन्व्हर्टर ते बऱ्यापैकी पचवतो, मागे धूर दिसत नाही. "धूर कुठाय मॅडम? काही प्रॉब्लेम नाही." हे उत्तर तर्कदुष्ट आहे. शिवाय ऑइलमधला फॉस्फरस त्या कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो, ते बिल वेगळं.

या सगळ्याचा स्फोट २०१० नंतर झाला. सुबारूच्या २०११ पासूनच्या काही गाड्यांच्या मालकांनी २०१४ मध्ये दावा लावला. तोही न्यू जर्सीतच, फक्त या वेळी संघराज्याच्या न्यायालयात. तिथे आपली मराठी मंडळी किती आहेत ते मी सांगायला नको. २०१६ मध्ये तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण ऑइलच्या तक्रारीपुरती वॉरंटी ५ वर्षं आणि ६०,००० मैलांवरून ८ वर्षं आणि १,००,००० मैलांवर नेली. टोयोटाने आपल्या २.४ लिटरच्या एका इंजिनासाठी, चाचणीत नापास झालेल्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा बदलून द्यायची योजना आणली, १० वर्षं किंवा १,५०,००० मैलांपर्यंत. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटरच्या ट्रक-इंजिनाचा खटला तडजोडीवर थांबला नाही, ज्युरीपर्यंत गेला. रिंगा पुरेसा ताण धरत नाहीत, हेच वादींचं म्हणणं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने तीन राज्यांतल्या सुमारे ३८,००० मालकांना प्रत्येकी २,७०० डॉलर, एकूण १० कोटी २६ लाख डॉलर द्यायला सांगितलं.

तिन्हीकडे एक गोष्ट समान आहे. एकेकटा मालक डीलरकडे गेला तेव्हा त्याला 'नॉर्मल' हे उत्तर मिळालं. हजारो मालक एकत्र आले तेव्हा त्याच वापराला नवं नाव मिळालं. इंजिन तेच, ऑइल तेवढंच. बदललं ते रेघ आखणाऱ्याचं बळ.

आता आपल्याकडे या. भारतातला वस्तुविक्रीचा कायदा १९३० चा, इंग्रजी वळणाचा. त्याच्या बाराव्या कलमात एक भेद आहे, तो वॉरंटी मागणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. 'कंडिशन' मोडली तर तुम्ही वस्तू नाकारू शकता. 'वॉरंटी' मोडली तर फक्त नुकसानभरपाई, वस्तू परत करता येत नाही. म्हणजे जो शब्द आपल्याला मोठा वाटतो तो कायद्यात धाकटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात याच अंगाने सांगितलं की वॉरंटीच्या अटी सदोष भाग दुरुस्त करण्याच्या किंवा बदलण्याच्या असतील तर त्यांखाली अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा "मला नवी गाडीच द्या" असं म्हणून भांडण सुरू करू नका. रिंगा, पिस्टन, गरज पडली तर हाफ इंजिन, एवढं मागा. ते मिळण्यासारखं असतं.

चळवळीचा इतिहास मात्र आपल्या अंगणातला आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये. मुंबई ग्राहक पंचायत पुढच्याच वर्षी, म्हणजे पुन्हा १९७५. या मंडळींची सुरुवात डाळ-तांदूळ-तेलापासून झाली. खायच्या तेलापासून, इंजिनाच्या नव्हे. (हशा) १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला त्यामागे अशा लोकांची वर्षांची मेहनत आहे. २०१९ च्या कायद्याने त्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण घातलं. दोष नुसता बघून ठरत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे. तक्रारीची मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पिंपरीला असते. तिची गाडी चौदा महिन्यांची, वॉरंटी तीन वर्षांची. खंबाटकी घाटात वळणावर तो लाल दिवा लुकलुकला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पावणेदोन लिटर ऑइल ओतलं, पैसे घेतले नाहीत, "नॉर्मल आहे मॅडम" म्हणून गाडी परत दिली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तिने मला फोन केला, "सर, ते तर फुकट टॉप-अप करून देतात, मग तक्रार कशी करू?" मी म्हटलं, "बाई, जॉब कार्डवर काय लिहिलंय ते वाच." दोन्ही वेळा लिहिलं होतं, 'जनरल चेकअप'. म्हणजे कागदोपत्री तिच्या गाडीने थेंबभरही ऑइल खाल्लेलं नव्हतं. फुकटचं ऑइल फार महाग पडलं असतं, कारण तीन वर्षं अशीच सरली असती आणि वॉरंटीच्या काळात दोष होता याचा एकही पुरावा उरला नसता.

मग ती रीतसर भांडली. 'ऑइल कमी होते, अमुक किलोमीटरला अमुक लिटर भरले' असं जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय किल्ली दिली नाही. वापराची चाचणी ईमेलने मागितली. ही चाचणी साधी असते. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, ड्रेन प्लग आणि झाकण यांना सील किंवा रंगाची खूण करायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, हजार किलोमीटर चालवून परत आणायची आणि किती घटलं ते मोजायचं. मधल्या काळात तिने दर रविवारी, सपाट जागी, गाडी गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिकचा फोटो काढला, ओडोमीटरसकट. प्रत्यक्ष प्रमाण! सातशे मिलिलिटर निघालं. कंपनीचीच रेघ अर्ध्या लिटरची होती, ती ओलांडली गेली. तरी दोन महिने पत्रापत्री चालली, शेवटी तिने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आणि हाफ इंजिनाचं काम वॉरंटीत झालं. खिशातून करायचं असतं तर तिची वर्षभराची बचत गेली असती, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी.

आणि समजा साडेचारशे मिलिलिटर निघालं असतं तर? तर ती कंपनीच्या रेघेच्या आत राहिली असती आणि प्रश्न खरा अवघड झाला असता. तिथे माझं मत असं की पुस्तिकेतला तो आकडा म्हणजे कंपनीचं स्वतःच्याच खटल्यातलं साक्षपत्र आहे. गाडी नवी असताना शंभर मिलिलिटर खात होती आणि वर्षात साडेचारशेवर गेली, तर हा बदलच दोषाची खूण मानायला हवा, आकडा काहीही म्हणो. पण हे म्हणायला नवी असतानाची नोंद लागते. म्हणून पहिल्या महिन्यापासून डायरी ठेवा.

तिकडे मागे एक प्रश्न आहे... हो, मोठ्याने बोला. जाड ऑइल टाकलं तर खाणं कमी होतं का? होतं कधी कधी. गल्लीतला मेकॅनिक हेच सुचवेल, आणि वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीला ते चालूनही जाईल. पण वॉरंटी चालू असताना पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडबाहेर जाऊ नका. ब्रँड कुठलाही घ्या, ग्रेड तोच ठेवा, आणि बिल जपून ठेवा. टॉप-अपच्या एक लिटरच्या डब्याचं सुद्धा. जाड ऑइल टाकलंत की दोष थोडा झाकला जातो आणि नकार द्यायला कंपनीला आयतं कारण मिळतं, दोन्ही एकदम.